पोलिसांचा रेडिओ कुलूपबंद झाला तेव्हा

स्कॅनर म्हणजे पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं घरबसल्या ऐकायचं यंत्र. पोलिसांनी एन्क्रिप्शन लावलं, म्हणजे किल्लीशिवाय उलगडणार नाही असं बोलणं कुलूपबंद केलं, तरी हे यंत्र बंद पडतं असं नाही. पडद्यावर टॉकग्रुपचा, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या गटाचा, क्रमांक नेहमीसारखा येतो, सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात, कोणता सेट किती सेकंद बोलला तेही समजतं. बाजूला ‘ईएनसी’ अशी खूण उमटते आणि स्पीकरमधून काहीच येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत, जिथे मी राहते, २०२१ च्या सुरुवातीपासून एकेका शहराच्या पोलिसांचा रेडिओ असा गप्प होत गेला. त्यानंतर मी काय काय केलं, कुणाकुणाला गाठलं आणि त्यातून काय हाती लागलं, ते इथे लिहिते आहे. आपली बरीच मंडळी आता अमेरिकेत घर करून आहेत. ज्यांच्या शहरात हा बदल अजून व्हायचा आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा.

मी मूळची साताऱ्याची. माझे काका महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात ऑपरेटर होते. त्यांच्या कामाबद्दल घरात काही विचारायचं नाही, हे आम्हा मुलांना न सांगता कळलं होतं. तो काळही असा होता की साध्या रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन भरावं लागे. १९३३ च्या वायरलेस कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा होता. त्यामुळे इथे आल्यावर, पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं कुणीही घरी बसून ऐकू शकतं आणि त्यात काही बेकायदा नाही, हे कळलं तेव्हा मी आधी काकांना फोन लावला.

‘‘अगं, मग चोरही ऐकत असतील की!’’ ते म्हणाले. थोडं थांबून पुढे विचारलं, ‘‘आणि लोक ऐकतायत म्हटल्यावर पोलीस नीट बोलतात का गं?’’

हा दुसरा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. वायरलेसवर आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न होता तो.

माझा पहिला स्कॅनर क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजच्या पार्किंगमधून घेतलेला. तिथे मार्च ते ऑक्टोबर, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींचा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार भरायचा. भल्या पहाटे टॉर्च घेऊन लोक ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्ह, सर्व्हरच्या जुन्या पेट्या चाळत फिरायचे. एका वयस्कर हॅमकडे युनिडेनचा बेअरकॅट मिळाला, ॲनालॉग, हातात मावणारा. पैसे घेताना त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. ऐकलेलं कुठे छापायचं नाही, आणि ऐकलं म्हणून घटनास्थळी धावत जायचं नाही. पहिल्या गोष्टीमागे कायदा आहे. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टप्रमाणे दुसऱ्याचं रेडिओवरचं बोलणं ऐकून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही. १९८६ च्या कायद्याने मोबाइल फोनवरची संभाषणं ऐकणं गुन्हा ठरवलं, पण पोलीस आणि अग्निशमन दलाचं न लपवलेलं बोलणं ऐकायला मोकळीक ठेवली. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत, ते ज्याचे त्याने पाहावेत. बाकी ही मोकळीक नवी नाही. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून निरोप द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून लोक घरच्या रेडिओवर तो ऐकत आले आहेत.

ऐकायला शिकणं हे वेगळंच काम. सुरुवातीला सगळं बोलणं एकसारखं वाटतं, कारण ते अर्धं आकड्यांत असतं. कॅलिफोर्नियात ४५९ म्हणजे घरफोडी, २११ म्हणजे जबरी चोरी, ५१५० म्हणजे मानसिक त्रासामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरू शकणारी व्यक्ती. हे आकडे दंड संहितेतल्या आणि इतर कायद्यांतल्या कलमांचे आहेत. ‘कोड ३’ म्हटलं की दिवे आणि सायरन लावून निघायचं, ‘कोड ४’ म्हटलं की परिस्थिती आटोक्यात, आणखी कुणी येऊ नये. दिवसभरातलं बहुतेक बोलणं अगदी रटाळ असतं. कुणाच्या दारात उभी राहिलेली परकी गाडी, वाऱ्याने वाजलेला दुकानाचा अलार्म, रस्त्यात आलेलं हरीण. पण तेच रटाळ बोलणं ऐकत राहिलं की गावाची नाडी समजते. रात्रपाळीची एक डिस्पॅचर, म्हणजे नियंत्रण कक्षातून गाड्यांना निरोप देणारी, होती. तिचा आवाज मी कुठेही ओळखला असता. समोरचा अधिकारी धापा टाकत असला तरी ती त्याच एका संथ लयीत बोलायची आणि दोन-तीन वाक्यांत तोही तिच्या लयीवर यायचा. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की काय सांगू.

याची दुसरी बाजूही मी ऐकली आहे आणि ती लपवणार नाही. गाडी अडवली की चालकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक सगळं मोठ्याने वाचलं जायचं. नवऱ्याने मारहाण केलेल्या बाईचा पत्ता, घरक्रमांकासकट. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाचं नाव आणि वय. अशा वेळी मी आवाज पूर्ण खाली करायचे. पण सगळेच तसं करत असतील असं मानायला जागा नव्हती, विशेषतः रेडिओरेफरन्स आणि ब्रॉडकास्टिफाय या संकेतस्थळांमुळे कुठल्याही शहराचा रेडिओ जगात कुठेही फोनवर ऐकता येऊ लागल्यावर. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटानंतर संशयितांचा पाठलाग चालू असताना देशभरातले लोक बोस्टनचा स्कॅनर ऐकत होते. त्याच रात्री भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव, स्कॅनरवर ऐकल्याचं सांगत, समाजमाध्यमांवर पसरलं. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या घरावर काय गुजरलं असेल, याचा विचार मी आजही करते. म्हणून पोलिसांच्या बाजूने खाजगीपणाचा मुद्दा मांडला जातो तेव्हा मी त्याला बहाणा म्हणत नाही. तो खरा आहे. उपाय कोणता, एवढाच वाद आहे.

डिजिटल आणि एन्क्रिप्टेड या दोन गोष्टी लोक एकच समजतात, तिथे थोडं थांबायला हवं. डिजिटल म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवणं, एन्क्रिप्टेड म्हणजे तो किल्लीशिवाय कुणालाच उलगडू न देणं. माझ्या त्या जुन्या बेअरकॅटला आधी डिजिटलने निकामी केलं, एन्क्रिप्शन बरंच नंतर आलं.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळ्या दलांना एकमेकांशी रेडिओवर बोलता आलं नाही, त्यानंतर सगळ्या देशात सामायिक डिजिटल यंत्रणांना जोर आला. त्यासाठीचं मानक म्हणजे प्रोजेक्ट २५, सगळे ‘पी२५’ म्हणतात. आमच्या काउंटीतली शहरं सिलिकॉन व्हॅलीच्या एका प्रादेशिक यंत्रणेत हळूहळू सामील झाली. ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झवर चालणारी ही ट्रंकिंग यंत्रणा. ट्रंकिंगमध्ये प्रत्येक खात्याला स्वतःचं चॅनल नसतं. मोजक्याच फ्रिक्वेन्सी सगळ्यांत वाटून घेतलेल्या असतात आणि एक कंट्रोल चॅनल सतत सांगत असतो की आत्ता अमुक गट अमुक फ्रिक्वेन्सीवर बोलतोय. स्कॅनरला तो कंट्रोल चॅनल वाचता आला तरच माग लागतो. त्यात पी२५ चा दुसरा टप्पा एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळेचे तुकडे पाडून दोन संभाषणं बसवतो. आणि एकच सिग्नल अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी सुटतो, तो घरी पोचताना किंचित मागेपुढे पोचतो आणि स्कॅनर गोंधळतो. आवाज येतो, पण पाण्याखालून बोलल्यासारखा, मध्येच तुटणारा.

हे सगळं सोडवता येत होतं. २०१८ मध्ये युनिडेनने एसडीएस१०० काढला, तो या गोंधळावर मात करतो, पण किंमत सहाशे डॉलरच्या पुढे. मी स्वस्त वाट धरली. टीव्ही पाहण्यासाठी बनलेल्या, आरटीएल२८३२यू चिप असलेल्या यूएसबी डोंगलमधून कच्चा रेडिओ सिग्नल काढता येतो, हे २०१२ च्या सुमाराला छांदिष्टांनी शोधून काढलं आणि वीस-पंचवीस डॉलरमध्ये रेडिओ रिसीव्हर हाती आला. एक डोंगल साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहतो, म्हणून मी एकापेक्षा जास्त लावले आणि एसडीआरट्रंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. त्यात आवाज उलगडण्याची जेएमबीई लायब्ररी पेटंटच्या भानगडींमुळे तयार मिळत नाही, ती आपल्याच संगणकावर बांधून घ्यावी लागते. खिडकीत अँटेना, टेबलावर डोंगल, पडद्यावर एकाच वेळी पोलीस, आग, रुग्णवाहिका आणि सार्वजनिक बांधकाम असे सगळे टॉकग्रुप ओळीने. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, पण त्या दिवशी पहिला स्वच्छ आवाज आला तेव्हा झालेला आनंद मला नोकरीत क्वचितच मिळालाय. मेहनत केली तर दार उघडत होतं. डिजिटलबद्दल माझी तक्रार नाही ती यासाठी.

ऑगस्ट २०२० मध्ये या छंदाची किंमत आमच्या सगळ्या ओळखीच्यांना कळली. १६ ऑगस्टच्या पहाटे पाऊस नसताना विजा पडल्या आणि सांता क्रूझच्या डोंगरांत सीझेडयू नावाचा वणवा पेटला. पुढे त्यात सुमारे ८६,५०० एकर जळालं, जवळपास १,५०० इमारती गेल्या, बिग बेसिनच्या रेडवुडच्या राईतून आग फिरली. पूर्वेला एससीयू वणवा चालू होता, म्हणजे खोऱ्याच्या दोन्ही अंगांना आग. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, ‘आग कुठवर आली?’ काहींची घरं डोंगराच्या पायथ्याशी, काहींचे आईवडील भारतातून आलेले आणि कोविडमुळे इथेच अडकलेले. कॅल फायर, म्हणजे राज्याचं अग्निशमन खातं, अजूनही १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या ॲनालॉग रेडिओवर बोलतं, म्हणून मी कपाटातून तोच जुना बेअरकॅट काढला. विमानातला अधिकारी खालच्या तुकडीला आगीची कडा कुठे आहे ते सांगायचा. मी रस्त्यांची नावं नकाशावर शोधत बसायचे. ग्रुपवर मात्र मी फक्त अधिकृत स्थलांतराच्या नकाशाशी जुळणारं तेवढंच लिहायचे. बोस्टन आठवत होतं. एका मावशींनी औषधांची पिशवी आणि पासपोर्ट दाराशी आणून ठेवले, सूचना येण्याआधीच, कारण वारा फिरल्याचं आम्ही ऐकलं होतं. सूचना आली नाही, पण त्या रात्री त्या शांत झोपल्या.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२० ला, कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने राज्यभरच्या पोलीस खात्यांना एक परिपत्रक पाठवलं. सरकारी डेटाबेसमधून मिळालेली व्यक्तिगत माहिती, म्हणजे नावासोबत जन्मतारीख, परवाना क्रमांक वगैरे, उघड्या रेडिओवर जाता कामा नये, असं त्यात म्हटलं होतं. त्यासाठी दोन मार्ग दिले होते. एक, रेडिओ एन्क्रिप्ट करा. दोन, ही माहिती उघड्या चॅनलवर बोलली जाणार नाही असं धोरण आखा. जमत नसेल तर डिसेंबरअखेर आराखडा द्या. हे परिपत्रक मी मूळ वाचलं आहे, लहानसंच आहे, आणि माझी सगळ्यांना विनंती आहे की तुमच्या शहरात असं काही झालं तर आधी मूळ कागद वाचा. कारण पुढच्या महिन्यांत मी ज्या ज्या अधिकाऱ्याला भेटले, त्याने मला एकच सांगितलं: ‘राज्याचा आदेश आहे, आमचा नाइलाज आहे.’ दुसरा मार्ग त्यातल्या कुणीच स्वतःहून सांगितला नाही.

जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात आमच्याच काउंटीतल्या पालो आल्टो शहराच्या पोलिसांनी एन्क्रिप्शन सुरू केलं. बातमीत आलं तेव्हा काम झालेलं होतं. त्यानंतर आमच्या गावाचा नंबर लागला. गावाचं नाव इथे देत नाही, कारण मला एका खात्याला दोष द्यायचा नाही. आसपासच्या बऱ्याच शहरांत हेच घडलं.

मी पहिलं पाहिलं ते तांत्रिक अंगाने. आमच्या यंत्रणेत एईएस-२५६ या पद्धतीचं एन्क्रिप्शन वापरलेलं. ते फोडता येत नाही, आणि फोडायचा प्रयत्न करणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. काही जण अजूनही विचारतात, ‘तू सॉफ्टवेअरवाली, काहीतरी जमेलच की.’ नाही, जमत नाही, आणि जमवूही नये. पोलिसांचं उघडं बोलणं ऐकायचा हक्क मला हवा आहे. लपून ऐकायची माझी इच्छा नाही.

मग नगर परिषदेकडे वळले. कॅलिफोर्नियात ब्राउन ॲक्टनुसार परिषदेच्या सभेत कुणाही माणसाला बोलता येतं, नागरिकत्व वगैरे कुणी विचारत नाही. त्या वर्षी सभा झूमवर होत्या. तीन मिनिटं मिळतात असं वाचून मी तीन मिनिटांचं लिहिलं. बोलणारे जास्त निघाले आणि अध्यक्षांनी वेळ दोन मिनिटांवर आणला. म्हणून सांगते, एका मिनिटाचं, दोन मिनिटांचं आणि तीन मिनिटांचं अशी तीन टिपणं जवळ ठेवा. एका मिनिटाच्या टिपणात फक्त मागणी लिहा. माझी मागणी साधी होती. परिपत्रकातला दुसरा मार्ग विचारात घेतला होता का, आणि घेतला नसेल तर तो परिषदेपुढे चर्चेला आणावा.

सभेत उत्तर मिळत नाही, नुसती नोंद होते. म्हणून राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली अर्ज केला. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखीच सोय आहे. दहा दिवसांत खात्याने काहीतरी कळवावं लागतं, मग बहुतेक वेळा मुदतवाढ येते. अर्ज जितका नेमका तितका बरा. मी चार गोष्टी मागितल्या: न्याय विभागाला पाठवलेला आराखडा, एन्क्रिप्शनचा खर्च, दुसऱ्या मार्गाबद्दलची टिपणं, आणि गेल्या काही वर्षांत स्कॅनर ऐकून कुणी पोलिसांना इजा केल्याच्या किंवा पुरावा नष्ट केल्याच्या नोंदी. आराखडा मिळाला, त्यात दुसऱ्या मार्गाचा उल्लेख एका वाक्यात, ‘व्यवहार्य नाही’ म्हणून. खर्च वेगळा असा नव्हताच, कारण नवे सेट एन्क्रिप्शनची सोय असलेलेच घेतलेले होते, ती फक्त चालू करायची होती. शेवटच्या मुद्द्यावर ‘अशा कोणत्याही नोंदी नाहीत’ असं उत्तर आलं.

हे उत्तर मी पुढे प्रत्येक पत्राला जोडलं. याचा अर्थ धोका नाहीच असं मी म्हणत नाही. सशस्त्र माणसाला घेरताना, ओलीस ठेवलेल्यांना सोडवताना तुकडीचं बोलणं बंद चॅनलवरच हवं, आणि तशी बंद चॅनलं पोलिसांकडे आधीपासून होती. त्याला कुणाचाच विरोध नव्हता. पण रोजचा गस्तीचा चॅनलसुद्धा कायमचा बंद करायचा तर त्याला कारण लागतं, आणि ते कागदावर कुठेच नव्हतं.

दरम्यान गावात काय बदललं ते सांगते. पूर्वी एकदा रात्री हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. रेडिओवर कळलं की विस्मरणाचा आजार असलेले एक आजोबा घराबाहेर पडलेत. आम्ही गल्लीतल्या लोकांनी आपापली मागची अंगणं पाहिली. आजोबा दोन गल्ल्या सोडून एका ओट्यावर बसलेले मिळाले. एन्क्रिप्शननंतर असंच एकदा हेलिकॉप्टर आलं, फार वेळ फिरत राहिलं. शेजाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी लिहिलं दरोडा, कुणी लिहिलं बंदूकधारी, कुणी कुणाच्या तरी रंगावरून वर्णन टाकलं. पलीकडच्या घरात एक काकू नातवाला घेऊन एकट्या होत्या, नुकत्याच नाशिकहून आलेल्या. त्यांचा फोन आला, ‘‘अगं, दारं लावून घेतलीत, पण झालंय काय?’’ मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खात्याने दोन ओळींचं निवेदन काढलं: एका चोरीच्या गाडीचा शोध, कुणी जखमी नाही. स्कॅनर ऐकणारे अफवा पसरवतात हा आक्षेप मला मान्य आहे, बोस्टनचं उदाहरण मीच वर दिलंय. पण ऐकणारा कुणीच उरला नाही की अफवा खोडायलाही कुणी उरत नाही. स्थानिक वार्ताहराचंही तेच झालं. तो आता पोलिसांनी कळवलं तरच निघतो. म्हणजे जे कळवावंसं वाटलं नाही त्याची बातमीच नाही.

परिषदेत मध्यम मार्ग म्हणून एक गोष्ट पुढे आली, ती म्हणजे उशिरा ऐकवणं. शिकागोने रेडिओ एन्क्रिप्ट केला आणि लोकांसाठी अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकण्याची सोय ठेवली. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, पण अर्ध्या तासाने हेलिकॉप्टर निघून गेलेलं असतं आणि वणवा डोंगर ओलांडून आलेला असतो. आमच्याकडे तेही झालं नाही. आग आणि रुग्णवाहिकांचे कॉल पल्सपॉइंट ॲपवर दिसत राहिले, अग्निशमन दलाचा रेडिओही उघडा राहिला, तेवढंच समाधान.

राज्य पातळीवर सिनेटर जॉश बेकर यांनी २०२२ मध्ये एसबी १००० हे विधेयक आणलं. पोलिसांचा रेडिओ लोकांना ऐकता यावा, अशी व्यवस्था करणं खात्यांवर बंधनकारक करणारं. मी पाठिंब्याची पत्रं लिहिली, ओळखीच्यांकडून लिहून घेतली. आपली मंडळी अशा बाबतीत संकोचतात. ‘पोलिसांच्या विरोधात नको गं’ असं मला अनेकांनी सांगितलं. हे पोलिसांच्या विरोधात नाही, हे समजावण्यात माझा निम्मा वेळ गेला. तेव्हा काकांचा तो प्रश्न कामी आला. लोक ऐकतायत हे माहीत असलेला अधिकारी नीट बोलतो, आणि नीट बोलणाऱ्याची बाजू पुढे कोर्टातही भक्कम राहते. विधेयक सिनेटमध्ये मंजूर झालं, मात्र असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहाच्या, अर्थविषयक समितीत ऑगस्टमध्ये अडकलं आणि तिथेच संपलं. त्या संध्याकाळी मी फार निराश झाले होते.

त्याच महिन्यात पालो आल्टोचे पोलीसप्रमुख अँड्र्यू बाइंडर यांनी जाहीर केलं की १ सप्टेंबर २०२२ पासून शहर एन्क्रिप्शन मागे घेणार. म्हणजे परिपत्रकातला दुसरा मार्ग शक्य होता. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीस, तर पहिल्यापासून त्याच मार्गाने चाललं होतं, त्यांचा रेडिओ कधी बंद झालाच नाही. ४० मेगाहर्ट्झच्या आसपासची त्यांची जुनी चॅनलं मी त्या सगळ्या काळात ऐकत होते.

१ सप्टेंबरला पालो आल्टोचा रेडिओ ऐकायला मी सुट्टी टाकली. यंत्रणा तीच, डिजिटलही तीच, टॉकग्रुपचे क्रमांक तेच, फक्त ‘ईएनसी’ची खूण गेली आणि आवाज आला. पुढचे काही आठवडे मी मन लावून ऐकलं ते एकाच गोष्टीसाठी: नावांचं काय करतात? गाडी अडवल्याचं, जागेचं, मदत हवी असल्याचं बोलणं मुख्य चॅनलवर होत होतं. माणसाची ओळख पटवायची वेळ आली की अधिकारी गाडीतला संगणक किंवा फोन वापरायचे. कधी एखादं नाव कानावर आलं, पण पूर्वीसारखं नाव, जन्मतारीख, परवाना एका दमात वाचणं मी ऐकलं नाही. कामाचा वेग कमी झाल्यासारखंही काही जाणवलं नाही.

हे मी तारखेवार लिहून ठेवलं, त्यात कुणाचंही नाव, पत्ता न घेता. आमच्या परिषदेला लिहिलेल्या नव्या पत्राला ती नोंद जोडली, सोबत अभिलेख अर्जाला आलेलं उत्तर आणि मूळ परिपत्रक. मागण्या तीन ठेवल्या. गस्तीचा मुख्य चॅनल उघडा ठेवा. व्यक्तिगत माहितीसाठी वेगळा बंद चॅनल किंवा गाडीतला संगणक वापरा. वणवा, भूकंप, पूर अशा काळात कोणता चॅनल कोणत्याही परिस्थितीत उघडा राहील ते आधी लिहून जाहीर करा. शेवटची मागणी आम्हा भूकंपाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी सगळ्यात तातडीची आहे, आणि सभेत तिच्यावरच सर्वांत जास्त प्रश्न आले.

आमच्या खात्याने अजून काही बदललेलं नाही. २०२३ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही ब्रुकलिनपासून एन्क्रिप्शन सुरू केलं, तेव्हा आमच्या एका परिषद सदस्याने मला म्हटलं, ‘‘एवढं मोठं शहर करतंय, आम्ही उलट्या दिशेने कसं जाणार?’’ मी त्यांना पालो आल्टोची नोंदवही पुन्हा पाठवली. आपत्कालीन चॅनलचा मुद्दा मात्र सार्वजनिक सुरक्षा समितीच्या विषयपत्रिकेवर आला आहे. त्या सभेला गल्लीतली पाच-सहा घरं माझ्यासोबत येणार आहेत, नाशिकच्या काकूंची सूनही. तिचं एका मिनिटाचं टिपण आम्ही काल तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं.